खंडाचा चौथा अर्थ

धाराशिवात बालाजी सरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड, असं खुद्द बालाजी सरांचं मत आहे. कनिष्ठ महाविद्यालयात ते मराठी शिकवतात आणि रविवारी निघणाऱ्या एका साप्ताहिकात 'शब्दाचं बिऱ्हाड' नावाचं सदर लिहितात. एक शब्द धरायचा, त्याला उलटा टांगायचा, त्याचे खिसे झाडायचे आणि जे काही पडेल ते वाचकांपुढं मांडायचं, असा तो प्रकार. वाचक किती, हे त्यांना कुणी विचारत नाही. बायको मंजुषा विचारते, पण ती वाचकांत मोडत नाही.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी सरांनी 'खंड' हा शब्द टांगला होता. पहिला अर्थ, मध्येच मोडणं, तुटणं: पावसानं खंड दिला, वीजपुरवठा खंडित झाला. दुसरा अर्थ, ग्रंथाचा भाग: कोशाचा तिसरा खंड ज्यानं नेला त्यानं तो अजून आणून दिलेला नाही. (हे वाक्य एका विशिष्ट सहकाऱ्यासाठी होतं, पण तोही वाचकांत मोडत नव्हता.) तिसरा अर्थ, आशिया खंड. चौथा अर्थ, शेत दुसऱ्याला कसायला देऊन सालाचं ठरीव धान्य नाहीतर पैसा घ्यायचा, तो खंड. आणि असं शेत कसणारा तो खंडकरी. इथं सरांनी एक घरचं वाक्य घातलं होतं, 'प्रस्तुत लेखकाचे वडील कै. बिरदेव हे तामलवाडीस मेंढ्या राखून खंडाने शेत करीत.' त्यापुढं खंडणी, खंडपीठ, अखंड आणि शेवटी खंडोबा. खंडोबाचा या खंडाशी संबंध जोडावा की नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, असंही ठोकून दिलं होतं. विद्वान म्हणजे सकाळचे बालाजी सर आणि संध्याकाळचे बालाजी सर.

आता एवढं सगळं स्वतःच्या हातानं लिहिणारा माणूस. त्याच आठवड्यात हाच शब्द त्याला फोनवर ऐकू आला आणि त्याची पार दाणादाण उडाली.

फोन गुंडाप्पांचा होता. गुंडाप्पा म्हणजे सरांचे होणारे व्याही. लोहाऱ्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला त्यांचं गाव. घरात कानडी, बाजारात मराठी. त्यांची एकुलती एक मुलगी सोनाली आणि सरांचा मुलगा प्रेम यांचा साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात होतं. प्रेम बँकेत नोकरीला. सोनाली शेतीची पदवी घेऊन बापाचं रान स्वतः करत होती. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. थोरांनी आपलं फक्त कुंकू लावून पेढे खाल्ले. आणि प्रेम! लहानपणापासून तोंड पाडून बसणारा हा पोरगा साखरपुड्यापासून न्हाणीत गाणी म्हणत होता. सूर बेक्कार होता, पण बाहेर उभ्या सरांना ते गाणं ऐकून दरवेळी भरून यायचं. हे लग्न व्हावं असं त्यांना प्रेमपेक्षा जास्त वाटत होतं, फक्त ते कुठल्या शब्दांत बोलावं हे त्यांना सुचलं नव्हतं.

तर फोन. "सर, नमस्कार हाय... ते खंडाचं..." मग नुसती खरखर. "...आमचं ठरलं बगा... सोनालीचं लग्नाच्या आदी..." परत काहीच नाही. "...माणूस बोलवलोय... चार माणसांत... एकदा मोकळं हून जाऊ... तुमी या, तुमच्याबिगर..." आणि फोन मेला.

सरांनी उलटा फोन लावला, तर पलीकडची बाई म्हणाली की संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला, तर बाईनं तेच सांगितलं, आणि पहिल्यापेक्षा जरा तुसड्या आवाजात, असं सरांना वाटलं.

"कुणाचा हो?" मंजुषा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"गुंडाप्पांचा. मंजुषा, खंड."

"काय?"

"त्यांनी स्पष्ट शब्द वापरला. खंड. लग्नाच्या आधी चार माणसांत मोकळं व्हायचं म्हणतात. लग्न मोडलं."

मंजुषा हात पुसत बाहेर आली. "असं म्हणाले? लग्न मोडलं म्हणून?"

"शब्दशः नाही. पण अर्थ तोच."

"अहो, मग परत विचारा की. गुंडाप्पा असं करणारा माणूस नाही."

"अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात," सर म्हणाले. "आणि शब्दांचं मला शिकवू नकोस."

मंजुषा धाराशिवात वाढलेली, पोस्टातल्या बापाची लेक. शेतातलं तिला फारसं कळत नव्हतं आणि कळतंय असा आवही ती कधी आणत नव्हती. सरांची गोष्ट उलटी. त्यांना कळत होतं. चारही अर्थ त्यांना तोंडपाठ होते. मग बरोबर पहिलाच का उचलला? तर फोनवर जिथं जिथं खरखर झाली तिथं तिथं ऐकू आलं ते गुंडाप्पांचं बोलणं नव्हतंच. ते सरांच्या पोटातलं भ्या होतं, आणि ते साखरपुड्यापासून तिथं मुक्कामाला होतं.

साखरपुड्यात झालं असं की गुंडाप्पांना कुणीतरी माइक दिला. भला माणूस, घामाघूम झालेला, उभा राहून म्हणाला, "माझी पोरगी तुमच्या घरी येतोय..." आणि बालाजी सर, अहो तिथं नवऱ्या मुलाचे वडील म्हणून बसलेले, फेटा बांधलेले बालाजी सर, सवयीनं म्हणाले, "येतेय." सरांच्या हातात दुसरा माइक होता. मांडवभर ऐकू गेलं. माणसं खो-खो हसली. गुंडाप्पाही हसले, आणि पुढं एक अक्षर न बोलता माइक खाली ठेवून बसले. मंजुषानं सरांना असा चिमटा काढला की त्याचा वळ दोन दिवस होता. सासरी निघालेल्या लेकीबद्दल बाप बोलतोय आणि हा गडी त्याचं लिंग सुधारतोय! त्या रात्री सर स्वतःला म्हणाले होते, बालाजी, तुझ्यासारखा दगड तामलवाडीच्या माळावरसुद्धा नसेल.

म्हणून खंड म्हटल्याबरोबर सरांनी पहिला अर्थ धरला. आपण केलेलं फेडायची वेळ आली, दुसरं काय.

प्रेमला काही सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे सरांनी ठरवलं. शनिवारी दोघं नवराबायको 'तुळजापूरला जाऊन येतो' असं सांगून निघाले आणि लोहाऱ्याच्या एसटीत बसले. खिडकीच्या काचा खडखडत होत्या, बाहेर काढणी झालेली रानं तापली होती, आणि सर डोळे मिटून भाषणाची जुळवाजुळव करत होते.

"काय बोलणार हाव तिथं?" मंजुषानं विचारलं.

"त्यांनी मोडायच्या आधी आपणच मोडायचं. चारचौघांत मान तरी राहील."

"त्या मानाचं काय लोणचं घालायचंय? आणि पोराचं काय?"

"पोराला कालांतरानं कळेल."

"काय कळंल? बाप येडा हाय म्हणून? ते आत्ताच कळलंय त्याला." एवढं बोलून मंजुषा जी गप्प झाली ती लोहारा येईपर्यंत. धाराशिवात वाढलेली ही बाई एरवी शुद्ध बोलते, पण भडकली की तिची आई तिच्या तोंडून बोलते. तिचे डोळे भरले होते आणि ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. सरांनी तेवढ्यात 'प्रमाद' आणि 'प्रायश्चित्त' हे दोन शब्द शेजारीशेजारी बसवले. छान बसले. आपल्या पोराचा संसार मोडायला निघालेल्या माणसाला अनुप्रास जमल्याचा आनंद होतो, यावरून माणसाची परीक्षा करायची झाली तर बालाजी सर नापास.

लोहाऱ्याहून जीपनं गावात पोचले. गुंडाप्पांच्या अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकली होती. गुंडाप्पा एक पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. शेजारी खांद्यावर टॉवेल टाकलेला एक काळासावळा माणूस.

"या या सर! आलाव? बरं झालं. या वैनी." गुंडाप्पांचा चेहरा खुलला. "हे बलभीम. आमच्या बांधाला बांध हाय यांचं."

सरांनी बलभीमला नमस्कार केला आणि मनात म्हणाले, पंच आणून बसवलाय. साक्षीला माणूस! गुंडाप्पांच्या बायकोनं, लक्ष्मम्मानं, पाणी दिलं, मंजुषाला हाताला धरून आत नेलं. सोनाली दारात दिसली, हसून "मामा, बसा, चहा आणते" म्हणाली. पोरगी हसतेय, म्हणजे तिलाही अजून सांगितलेलं नाही, सरांनी हिशेब मांडला. त्यांना तिच्याकडं बघवेना. पण भाषण तयार होतं, आणि तयार भाषण पोटात ठेवून परत जायची सवय सरांना नव्हती.

"मग खंडाचं बोलून टाकू?" गुंडाप्पा म्हणाले. "बलभीमला जायचं हाय."

"थांबा, अप्पा." सर उभे राहिले. "आधी मी बोलतो."

आणि सुरू झाले.

"आदरणीय गुंडाप्पा. हा ऋणानुबंध जुळला तेव्हा उभय कुटुंबांनी मोठ्या विश्वासानं एका भूमीत बी पेरलं. आज त्याच भूमीचा खंड करण्याची वेळ आपल्यावर आली, याचं शल्य मला तुमच्याइतकंच आहे. दोष तुमचा नव्हे. चारचौघांत माझ्या हातून प्रमाद घडला, त्याचं प्रायश्चित्तही मीच घेतलं पाहिजे. तेव्हा अप्पा, खंड तुम्ही दुसऱ्याच्या साक्षीनं कशाला करता? खंडच करायचा ना? तर मग तो आम्हीच करतो. आजपासून. या क्षणापासून!"

शेवटच्या वाक्याला सरांचा आवाज कापला. ते मात्र भाषणात बसवलेलं नव्हतं.

अंगणात कोंबडी तेवढी फिरत होती. गुंडाप्पा तोंड उघडं टाकून सरांकडं बघत राहिले. त्यांची हनुवटी हलायला लागली.

"काय म्हनलाव सर? परत म्हना."

"खंड आम्हीच करतो," सर म्हणाले.

गुंडाप्पा त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी बाजेवरून उठले, दोन ढांगांत सरांपाशी आले आणि त्यांना कवेत घेऊन ढसाढसा रडायला लागले. रडता रडता आतल्या अंगाला कानडीत काहीतरी ओरडले आणि मग मराठीत, "लक्ष्मम्मा! अगं, सर म्हनतंय, आपलं रान तेच करतंय म्हनं! खंडानं! घरचं रान घरात ऱ्हायलं बग!"

बलभीम खदखदून हसला. "घ्या! सोयरंच खंडानं करायलेत म्हणल्यावर म्या कशाला मधी? अप्पा म्हनले म्हनून आल्तो. माझ्याच रानाला गडी मिळंना, त्यात ह्यांचं कुठं घ्यायचं म्हनून रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या." आणि त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. फाशी टळलेल्या माणसासारखा दिसत होता बिचारा.

गुंडाप्पांच्या कवेत बालाजी सरांची मान जरा वाकडी झाली होती. त्या वाकड्या मानेनं त्यांना समोर कडुनिंब दिसत होता, पण खरं तर दिसत होता तो चौथा अर्थ. ठळक टायपात. खाली स्वतःच्या बापाचं नाव. 'तामलवाडीस मेंढ्या राखून खंडाने शेत करीत.' हे वाक्य सरांनी चष्मा लावून लिहिलं होतं, चष्मा लावून तपासलं होतं, छापून आल्यावर चष्मा लावून वाचलं होतं. वा रे वा, मास्तर! आशिया खंड आठवला, खंडपीठ आठवलं, बाप आठवला नाही.

"पोरगी जातोय बगा सर," गुंडाप्पा डोळे पुसत सांगत होते. "रान सगळं तीच करत हुता. माझं गुडघा असलं. मग म्हनलं, पाडव्याला बलभीमला खंडानं देऊ, मोकळं हून जाऊ. पन तुमी आता घरचं माणूस. तुमच्याबिगर कसं बोलायचं? म्हनून फोन केलो, तर फोन मदीच गेली."

"हो," सर म्हणाले. "मध्येच गेली." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आतून मंजुषाचा आवाज आला. ती खोकत होती का हसत होती ते कळायला मार्ग नव्हता. पदर मात्र तिनं तोंडात कोंबला होता.

आणि दारात सोनाली उभी होती. चहाचा ट्रे हातात, आणि चेहऱ्यावर हसू बिलकुल नाही. गुंडाप्पांना भाषणातलं भूमी, बी आणि खंड एवढंच पोचलं होतं. सोनालीला सगळं पोचलं होतं. ऋणानुबंध, शल्य, प्रायश्चित्त, सगळं.

तिनं ट्रे खाली ठेवला. "मामा, चला," ती म्हणाली. "करायचंय ते रान आधी बघून तर घ्या."

रान घराच्या मागंच होतं. काळीशार जमीन, तूर निघालेली, मध्ये एक चिंच. सोनाली पुढं, सर मागं. बूट ढेकळांत वेडेवाकडे पडत होते. चिंचेखाली पोचल्यावर ती वळली.

"तुम्ही लग्न मोडायला आला होता."

सरांनी तोंड उघडलं. एका शब्दाचे चार अर्थ सांगणारा माणूस, त्याला एकही शब्द मिळेना.

"प्रेम दर रविवारी तुमच्या सदराचा फोटो काढून मला पाठवतो," सोनाली म्हणाली. "मी वाचते. तुम्ही पहिल्या अर्थानं आलात आणि चौथ्या अर्थानं सापडलात."

सरांच्या सदराला एक वाचक निघाला तो असा. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांना केवढा आनंद झाला असता.

"लग्न आमचं हाय का तुमचं?" आता तिचा आवाज चढला. "मला विचारलं न्हाई. प्रेमला विचारलं? त्याला म्हाईत तरी हाय का तुम्ही इथं आलाव ते?"

"नाही. तुळजापूरला म्हणून..."

"देवीच्या नावावर!" तिनं कपाळाला हात लावला. "आणि मामा, समजा आता मीच मोडलं तर? तुमच्याच भाषणावर बोट ठेवून? मग प्रेमला काय सांगणार हाव तुम्ही? कितवा अर्थ?"

तेव्हा बालाजी सरांना खरा घाम फुटला. न्हाणीतलं ते बेसूर गाणं त्यांच्या कानात आलं आणि बंद झालं. ते बांधावर मटकन खाली बसले. इस्त्रीची पँट मातीत गेली.

"म्या भ्यालो, सोनाली," ते म्हणाले.

हे 'म्या' कुठून आलं, सरांना कळलं नाही. कॉलेजला लागल्यापासून त्यांनी ते तामलवाडीच्या वेशीवर ठेवून दिलं होतं. पण एकदा निघालं तसं मागचंही निघालं. "साखरपुड्यात म्या अप्पाला टोकलं. ते माइक ठिवून खाली बसले. तवापासनं माझ्या पोटात गोळा हाय. ह्या माणसाचा आपुन अपमान केला, आता ह्यो सोयरीक मोडणार, पोराचं वाटुळं आपल्या जिभेनं होणार. फोनवर खंड ऐकलं आन् म्हनलं, झालं. आला दिवस."

सोनालीनं कंबरेवरचे हात खाली घेतले.

"अप्पांनी माइक का ठेवला, म्हाईत हाय का तुम्हाला?"

"का?"

"पुढचं पाठ केलेलं विसरले होते. दोन दिवस आरशापुढं उभं राहून पाठ करत होते. ऐन टायमाला काही आठवेना, घाम फुटला, आणि तुम्ही मध्ये बोललात. घरी येऊन आईला म्हणाले, सरांनी वाचवलं बग, देवमाणूस हाय."

सरांनी डोक्याला हात लावला. इतके दिवस जपलेलं, रोज रात्री काढून बघितलेलं पाप, आणि त्याची पलीकडं दखलच नाही! सरांना हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडा अपमानही वाटला. मग त्यांना हसू आलं. सोनालीलाही आलं. ती हसता हसता त्यांच्या शेजारी बांधावर बसली आणि हसणं थांबलं तरी तिचे डोळे पाणावलेलेच राहिले.

"हे रान दुसऱ्याच्या हातात जाणार म्हणून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता," ती म्हणाली. "अप्पांना कसं सांगू? ते माझ्याच लग्नासाठी करत होते. प्रेमला सांगितलं तर तो लग्न पुढं ढकलू म्हणाला असता, येडाच हाय तो. म्हणून गप बसले. आणि तुम्ही येऊन चुकून बोललात. पण बोललात. चार माणसांत बोललात. आता फिरायचं न्हाई."

"मी? अगं, मला खुरपं धरून किती..."

"तुम्हाला कोण खुरपायला सांगतंय? तुमच्या हातात रान दिलं तर सोयाबीनच्या जागी समास उगवतील. मी येत जाईन. प्रेमला गाडी चालवता येते. नाव तुमचं, रान माझं."

"आणि हे... भाषणाचं? प्रेमला?"

"ते मी सांगणार. लग्नानंतर." तिनं पदर झटकल्यासारखी ओढणी झटकली. "दर दिवाळीला सांगणार. सगळे पाहुणे जमल्यावर."

शिक्षा ऐकून सरांच्या जिवात जीव आला. दर दिवाळीला म्हणजे पोरगी प्रत्येक दिवाळीला आपल्या घरात असणार.

परत येताना त्यांना बाप आठवला. बिरदेव. पाडव्याच्या सकाळी तो मेंढ्या दुसऱ्याच्या हवाली करायचा, आंघोळ करून धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि शेतमालकाच्या दारी जाऊन बसायचा. यंदाचं काय करायचं, एवढंच विचारायचा. लहानगा बालाजी बरोबर असायचा. तिथं त्यांना चहा मिळायचा, गुळाचा खडा मिळायचा, घंटाभर इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या आणि मग एका वाक्यात खंड ठरायचा. बालाजीला त्या बसण्याची लाज वाटायची. पुढं तो शिकला, आणि बापाचं ते बसणं त्यानं 'खंडाने शेत करीत' या तीन शब्दांत उरकून टाकलं. सदरात जागा कमी असते, हे खरं. पण एवढी कमी नसते.

अंगणात बलभीम अजून बसला होता. आता तोच साक्षीदार. मंजुषानं सरांच्या पँटीवरची माती बघितली, मग सोनालीचा चेहरा बघितला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. चहाचा कप सरांच्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "लोणचं मुरलं का?"

"तर मग सर," गुंडाप्पा पाय लांब करत म्हणाले, "खंडाची ज्वारी किती, काय, ते आपल्यात आपन बगू. तुमच्यापाशी काय बोलायचं. फकस्त सालाचं बोला. किती सालाचा खंड धरायचा?"

सरांचं मन भरून आलं होतं. आणि मन भरून आलं की बालाजी सरांना शब्दाचा मोह आवरत नाही. एवढं सगळं होऊनसुद्धा! ते कप खाली ठेवून, छातीवर हात ठेवून म्हणाले, "अप्पा, आपला खंड अखंड."

सोनालीनं डोळे मिटून घेतले. बलभीमनं गुंडाप्पांकडं बघितलं.

"तसलं खंड नसतंय, सर," गुंडाप्पा समजुतीनं म्हणाले. "खंड एक सालाचं असतोय. पाडवा ते पाडवा. मग परत बोलायचं."

"पण आता आपण घरचेच. परत परत काय बोलायचं?"

"एक सालाचंच बरं." गुंडाप्पांनी दाराकडं बघितलं. तिथं सोनाली रिकामे कप गोळा करत होती. "साल सरली की तुमी परत येतोय, परत मागतोय, मी परत देतोय. तेवढंच पोरगीबी संगं येतोय. न्हाईतर एकदा लग्न झाल्यावर पोरीच्या बापाच्या दारात कोन येऊन बसतंय हो?"

येता. मागता. येते. बसतं. सगळे शब्द सरांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. मंजुषानं श्वास रोखला आणि तिची बोटं चिमट्यासाठी सरकली. पण सरांनी टोकलं नाही. त्यांना समोरचा म्हातारा नीट दिसेनासा झाला होता.

"म्या येतोय की, अप्पा," ते म्हणाले. "दर पाडव्याला येतोय. धुतलेला टावेल खांद्यावर टाकून येतोय, आन् इथंच बाजेवर बसतोय."